जिब्रेलिक आम्ल : देणगी बुरशीची, हिशेब आपला



मनमाड, चांदवड, निफाड, येवला या पट्ट्यात गोडी छाटणी आटोपली, की एक प्रश्न हमखास विचारला जातो. "साहेब, हे जीए म्हणजे नक्की काय? खत की औषध?" विचारणारा बहुधा जुना बागाईतदार असतो. पंधरा-वीस वर्षे जीए वापरलेले असते, हात त्या कामात बसलेला असतो. तरीही पुडीत काय आहे ते कोणी नीट सांगितलेले नसते. दुकानदार पुडी देतो, शेजारी प्रमाण सांगतो, आणि आपण घड बुडवून मोकळे होतो.

म्हणून रेडिओवर सांगितलेली माहिती या पत्रकात सविस्तर देत आहोत. जीए म्हणजे जिब्रेलिक आम्ल. ते खत नाही, आणि कीड-रोगावरचे औषधही नाही. ते संजीवक आहे. आणि गंमत अशी, की ते मुळात भाताच्या रोपात राहणाऱ्या एका बुरशीने बनवलेले द्रव्य आहे. ज्या बुरशीला आपण जन्मभर शत्रू मानत आलो, तिच्याच पोटातून हे आले.

वेड्या रोपाची गोष्ट

मनमाडच्या अन्न महामंडळाच्या गोदामाकडे तांदळाच्या वाघिणी जाताना आपण सर्वांनी पाहिल्या आहेत. या गोष्टीची सुरुवात भातापासूनच होते, पण ती जपानात.

तिथल्या भातखाचरांत एक विचित्र रोग पडायचा. शंभर रोपांत चार-दोन रोपे अचानक इतरांच्या डोक्यावर जायची. लांब, बारीक, फिकट पिवळी. नवख्या माणसाला वाटावे, वा, काय जोमाचे रोप आहे! पण ते रोप पुढे लोळायचे, नाहीतर वाळून जायचे. जगले-वाचले तरी लोंबीत दाणा भरत नसे, पळींजच निघे. तिथले शेतकरी या रोगाला 'बाकानाए' म्हणत. त्याचा अर्थ वेडे किंवा मूर्ख रोप.

१८९८ साली होरी नावाच्या जपानी शास्त्रज्ञाने दाखवून दिले, की हा रोग एका बुरशीमुळे होतो. ती फ्युजेरियम कुळातली आहे. आपल्या हरभऱ्याला मर लागते ती याच कुळातल्या दुसऱ्या बुरशीने, म्हणजे घराणे आपल्या ओळखीचेच. पुढे १९२६ साली कुरोसावा या शास्त्रज्ञाने एक साधा पण मोठा प्रयोग केला. बुरशी वाढवली ते पाणी त्याने गाळून घेतले. त्यात बुरशी उरली नव्हती, नुसते पाणी होते. ते पाणी निरोगी रोपांना दिले, तरीही रोपे ताडमाड वाढली! याचा अर्थ, रोपाला वेडे करणारी स्वतः बुरशी नव्हे, तर तिने पाण्यात सोडलेले द्रव्य.

१९३५ साली याबुता या शास्त्रज्ञाने त्या द्रव्याला बुरशीच्या तेव्हाच्या शास्त्रीय नावावरून 'जिब्रेलिन' असे नाव दिले, आणि १९३८ साली त्याचे खडे वेगळे काढण्यात यश आले. दुसरे महायुद्ध संपल्यावर ही माहिती इंग्लंड-अमेरिकेत पोचली, आणि १९५० नंतरच्या दशकात जिब्रेलिक आम्ल कारखान्यात तयार होऊ लागले. आजही ते याच बुरशीला मोठमोठ्या टाक्यांत वाढवून, तिच्या रसातून काढतात. आपल्या हातातली पुडी ती हीच.

आता या गोष्टीतला धडा बघा. वेडे रोप उंच झाले, पण पिकले नाही. उंची म्हणजे उत्पन्न नव्हे. जीए हाती धरताना ही एक गोष्ट डोक्यात पक्की ठेवली, तर निम्मे नुकसान टळते.

झाडाचा स्वतःचाच निरोप

मग बुरशीने केलेल्या द्रव्याला झाड दाद का देते? कारण तसेच द्रव्य झाड स्वतःही बनवत असते. १९५८ साली घेवड्याच्या एका जातीच्या कोवळ्या बियांतून ते वेगळे काढले गेले, तेव्हा ही गोष्ट सिद्ध झाली. जिब्रेलिन हा झाडाच्या अंगातला एक निरोप आहे. 'पेशींनो, लांब व्हा, वाढा' हा तो निरोप.

घरातले उदाहरण घ्या. गहू भिजवून त्याला मोड आणला, की तो दाणा गोडसर लागतो. का? दाण्यातला कोंब जागा होतो आणि जिब्रेलिनच्या रूपाने दाण्याच्या सालीजवळच्या थराला निरोप धाडतो, की कोठार उघडा, मला भूक लागली आहे. मग पिठाची साखर होऊ लागते. हा निरोप गेला नाही, तर कोठार भरलेले असूनही कोंब उपाशी.

दुसरे उदाहरण आपल्या गव्हाचेच. उंच वाढणारे जुने देशी गहू ज्यांनी पाहिले, त्यांना आठवत असेल, की जरा जास्त खत-पाणी झाले की पीक लोळायचे. १९६० नंतरच्या दशकात मेक्सिकोकडून ठेंगणे गहू आले आणि लोळणे थांबले. त्या गव्हात ठेंगणेपणा आला कशामुळे? झाडात जिब्रेलिन असते, पण त्या गव्हाचे ताट त्याचा निरोप अर्धाच ऐकते. म्हणून ताट आखूड राहते आणि जोर ओंबीत जातो. बघा, एके ठिकाणी निरोप वाढवून फायदा, तर दुसऱ्या ठिकाणी निरोप अडवून फायदा. द्रव्य एकच. कोणत्या पिकाला, कधी आणि किती, यावर सगळे अवलंबून आहे.

द्राक्षाला जीए का लागते?

पूर्वी आपल्याकडे भोकरी, अनाबेशाही अशा बियांच्या जाती होत्या. त्यांचा मणी आपोआप फुगायचा. पुढे थॉमसन सीडलेस आला, त्यातून निवडलेले तास-ए-गणेश, सोनाका, माणिक चमन आले. ग्राहकाला बिनबियांचे द्राक्ष आवडले. पण बी गेली आणि एक अडचण उभी राहिली.

फळाच्या पोटातली कोवळी बी हीच जिब्रेलिन तयार करणारी जागा. बी निरोप देते आणि मणी फुगतो. थॉमसनच्या मण्यात बी धरते, पण लहानपणीच जिरून जाते. निरोप देणाराच राहिला नाही, मग मणी बारीकच राहणार. मनुका करायला तो चालतो, पण पेटीत भरायला चालत नाही. तेव्हा बी जो निरोप देणार होती, तो आपण बाहेरून देतो. हेच जीएचे काम. १९५० नंतरच्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेत कॅलिफोर्नियाच्या वीव्हर या शास्त्रज्ञाने थॉमसनवर हे करून दाखवले, आणि तेथून ही पद्धत जगभर गेली.

यातून दोन गोष्टी आपोआप कळतात. एक, बियांच्या जातीला मणी फुगवण्यासाठी जीए देण्यात अर्थ नाही, तिथे बी आपले काम करतेच आहे. आणि दोन, जीए म्हणजे जेवण नव्हे, जेवायचे बोलावणे आहे. मण्यात साखर भरते ती पानांतून. ज्या वेलीवर पाने थोडी, पांढरी मुळी बंद आणि घड मात्र खच्चून, तिथे जीए कितीही द्या, पंगतीला बोलावून ताट रिकामे ठेवल्यासारखेच होईल. मणी फुगेल, पण पाणचट राहील आणि गोडी उशिरा येईल.

केव्हा आणि किती?

थॉमसन आणि त्याच्या घराण्यातल्या जातींसाठी सर्वसाधारण क्रम असा आहे :

१. घड पोपटी रंगाचा दिसू लागला, की १० पीपीएमची पहिली फवारणी. यामुळे घडाचा दांडा लांबतो आणि पाकळ्या एकमेकींपासून सुट्या होतात.

२. त्यानंतर चार-पाच दिवसांनी १५ पीपीएमची दुसरी फवारणी.

३. मणी ३ ते ४ मिलीमीटरचा, म्हणजे बाजरीच्या दाण्यापेक्षा जरा मोठा झाला, की सुमारे ४० पीपीएमच्या द्रावणात घड बुडवणे.

४. मणी ६ ते ७ मिलीमीटरचा, म्हणजे साधारण हरभऱ्याएवढा झाला, की ३० ते ४० पीपीएममध्ये दुसरी बुडवणी.

फुलोऱ्यात दिलेले जीए फुलांची गळ करते. काही बागाईतदार विरळणीसाठी त्याचा मुद्दाम उपयोग करतात. पण हे दुधारी हत्यार आहे. ढगाळ हवा आणि वेल अशक्त, अशा वेळी विरळणीऐवजी घडच रिकामा होतो. नवख्याने या वाटेला जाऊ नये.

शरद सीडलेससारख्या काळ्या जाती आणि नव्या रंगीत जाती यांची प्रमाणे वेगळी आहेत. थॉमसनचा हिशेब त्यांना लावू नका. पुण्याजवळ मांजरी येथील राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्राची त्या त्या जातीची शिफारस विचारून घ्या.

पीपीएमचा हिशेब

पीपीएम म्हणजे दहा लाख भागांत एक भाग. शेतकऱ्याच्या भाषेत सांगायचे, तर हजार लिटर पाण्यात एक ग्रॅम शुद्ध जीए म्हणजे १ पीपीएम. यावरून पुढचा हिशेब :

लिटर पाणी गुणिले हवे ते पीपीएम, भागिले १०००. उत्तर येईल ते शुद्ध जीएचे ग्रॅम.

समजा, २०० लिटरच्या पिंपात ४० पीपीएमचे द्रावण करायचे आहे. २०० गुणिले ४० म्हणजे ८०००. भागिले १००० म्हणजे ८ ग्रॅम शुद्ध जीए.

पण बाजारातली प्रत्येक पुडी शुद्ध नसते, आणि इथेच घोटाळा होतो. पुडीवर टक्के लिहिलेले असतात. शुद्ध ग्रॅमला १०० ने गुणून त्या टक्क्यांनी भागावे. म्हणजे ४० टक्क्यांची पूड असेल, तर ८ ग्रॅमसाठी २० ग्रॅम घ्यावी लागेल. ९० टक्क्यांची असेल, तर ९ ग्रॅमला थोडी कमीच. आणि ०.००१ टक्क्याचे पातळ औषध मिळते, त्याच्या एका लिटरमध्ये अवघे १० मिलिग्रॅम जीए असते. ते वेगळ्या कामासाठी आहे. त्यातून घड बुडवण्याचे द्रावण होऊच शकत नाही.

आमच्या भागातली एक घडलेली गोष्ट सांगतो. गावाचे नाव सांगत नाही. दोघा भावांची दोन एकर बाग. थोरल्याने आदल्या वर्षीच्या वहीत टिपून ठेवले होते, '२०० लिटरला २० ग्रॅम'. त्या वर्षी ४० टक्क्यांची पूड होती, हिशेब बरोबर होता. पुढच्या वर्षी दुकानात ९० टक्क्यांची पूड मिळाली. धाकट्याने वही उघडली, २० ग्रॅम मोजले आणि मजूर लावून दिवसभरात सगळे घड बुडवून घेतले. ४० पीपीएमच्या जागी ९० पीपीएम झाले. महिन्याभराने घडाचे दांडे लाकडासारखे जाड आणि ताठ झाले, मण्याचे देठही कडक. तोडणीला घड हलवला की मणी झडायचे. व्यापाऱ्याने पेटीत भरायला नकार दिला, माल पडत्या भावात स्थानिक बाजारात गेला. वर्षभराची मेहनत, सोसायटीचे कर्ज, औषधांची उधारी, सगळे त्या एका दिवसाच्या चुकीत अडकले. अक्षर ओळखीचे, वही खरी, फक्त पुडीवरचा टक्का वाचायचा राहिला होता.

म्हणून बंधूंनो, वहीत नुसते ग्रॅम लिहू नका. टक्के, लिटर, पीपीएम आणि तारीख, या चारही गोष्टी लिहा. ग्रॅम मोजायला सोन्या-चांदीसाठी वापरतात तसला बारीक काटा घ्या. चमच्याने मोजणे म्हणजे जुगार.

द्रावण करताना

१. शुद्ध पूड पाण्यात नीट विरघळत नाही. ती आधी थोड्या ॲसिटोनमध्ये किंवा अल्कोहोलमध्ये पूर्ण विरघळवा, मग ढवळत ढवळत पाण्यात सोडा. ही द्रव्ये पेट घेतात, तेव्हा जवळ विडी-काडी नको. पाण्यात विरघळणारी पूड असेल, तर थेट पाण्यात चालते. पुडीवरची सूचना वाचा.

२. पाण्याचे मोल मनमाडच्या माणसाला सांगायला नको. पण पाण्याचा गुणही बघा. आपल्याकडच्या बऱ्याच विहिरी-बोअरचे पाणी जड आणि क्षारयुक्त असते. अशा पाण्यात जीएचा प्रभाव कमी होतो. द्रावणाचा सामू साडेपाच ते साडेसहाच्या दरम्यान असावा. सामू मोजायची कागदी पट्टी स्वस्त मिळते. सामू जास्त असेल, तर सायट्रिक आम्ल किंवा युरिया फॉस्फेट थोडे थोडे टाकून खाली आणा.

३. बोर्डो मिश्रणासारख्या चुन्याच्या औषधात जीए मिसळू नका.

४. फवारणी किंवा बुडवणी सकाळी अगर संध्याकाळी करा. भर उन्हात द्रावण लगेच सुकते आणि आत शिरत नाही.

५. लागेल तेवढेच द्रावण करा आणि त्याच दिवशी संपवा. काल उरलेले द्रावण आज वापरू नका.

६. बुडवणारे मजूर, विशेषतः आपल्या आया-बहिणी, दिवसभर हात द्रावणात घालतात. त्यांना हातमोजे द्या. बुडवून झाल्यावर घड हलकेच झटकायला सांगा. खालच्या टोकाला थेंब राहिला, तर तिथे प्रमाण वाढते आणि डाग पडतो.

एप्रिलमध्ये उलटे गणित

खरड छाटणीनंतरची गोष्ट याच्या नेमकी उलट आहे. त्या काळात काडीच्या डोळ्यात पुढच्या हंगामाचा घड तयार होत असतो. तेव्हा वेलीच्या अंगात जिब्रेलिन जास्त झाले, तर डोळ्यात घडाऐवजी बाळी तयार होते. नत्र जास्त, पाणी जास्त, ढगाळ हवा, काडीला उजेड नाही, अशा बागेत वाढ जोरात दिसते आणि ऑक्टोबरात घड मात्र सापडत नाहीत. वेड्या रोपाचीच ही दुसरी आवृत्ती. म्हणून खरड छाटणीनंतर नत्र आणि पाणी हात राखून द्या, शेंडा वेळेवर मारा, काडी उजेडात ठेवा, आणि त्या काळात जीएला हातही लावू नका.

याच कारणासाठी सीसीसी, म्हणजे क्लोरमेक्वाट, हे वाढ रोखणारे औषध बागेत आले. ते वेलीचे जिब्रेलिन बनवणेच अडवते. पण २०१० साली युरोपात गेलेल्या आपल्या द्राक्षांत याचा अंश मर्यादेपेक्षा जास्त सापडला, माल अडला, आणि बागाईतदारांना मोठा फटका बसला. तेव्हा निर्यातीचा विचार असेल, तर कोणतेही संजीवक वापरण्यापूर्वी त्या वर्षीची शिफारस यादी पाहिल्याशिवाय पुढे जाऊ नका.

इतर पिकांचे आणि नव्या बाटल्यांचे काय?

आमच्याकडे कांदा, मका, बाजरी करणारे बंधूही विचारतात, "द्राक्षाला चालते, मग आमच्या कांद्याला का नको?" उत्तर सोपे आहे. कांद्यात आपल्याला गाठ पोसायची आहे, पात लांबवायची नाही. द्राक्षाची पुडी उरली म्हणून ती कांद्यावर मारू नका. ज्या पिकासाठी शिफारस आहे, त्याच पिकाला, लेबलावर लिहिले आहे तसेच द्या.

झाडांच्या अंगात किंवा मुळाशी राहणाऱ्या बुरशींवर अजून पुष्कळ संशोधन चालू आहे. ट्रायकोडर्मा तुम्ही वापरताच. राजस्थानच्या थर वाळवंटातल्या झुडपांच्या मुळाशी अशीच एक उपकारक बुरशी सापडली, आणि १९९८ साली तिचे पिरिफॉर्मोस्पोरा इंडिका असे बारसे झाले. अशा काही बुरशी मुळांच्या वाढीला मदत करणारी द्रव्ये बनवतात. ही दिशा चांगली आहे. पण तिचे नाव घेऊन रंगीत बाटल्या विकणारेही पुष्कळ झाले आहेत.

तेव्हा खरेदी करताना तीन गोष्टी पाहा. जिब्रेलिक आम्ल १९६८ च्या कीटकनाशक कायद्याखाली येते, म्हणून लेबलावर नोंदणी क्रमांक हवा. जैव-उत्तेजकांना २०२१ पासून खत नियंत्रण आदेशाखाली आणले आहे, तेव्हा त्यांच्या बाटलीवर घटक आणि त्यांचे प्रमाण छापलेले हवे. आणि तिसरे, पक्की पावती. ज्या बाटलीवर आत काय आहे ते लिहिलेले नाही, ती कितीही नामी असो, दुकानातच राहू द्या.

एवढे ध्यानात ठेवा

- जीए म्हणजे निरोप, अन्न नव्हे. आधी पाने आणि मुळी, मग जीए.
- पुडीवरचा टक्का वाचल्याशिवाय काटा हातात घेऊ नका.
- योग्य अवस्था चुकली, तर योग्य प्रमाणही वाया जाते.
- पाण्याचा सामू तपासा.
- पहिल्यांदा वापरत असाल, तर आधी एका ओळीतल्या पाच-दहा वेलींवर करून पाहा.
- खरड छाटणीनंतर जीए नाही.

जपानच्या शेतकऱ्यांनी त्या उंच रोपाला वेडे म्हटले, ते उगाच नाही. आपली बाग वेडी होऊ द्यायची की शहाणी ठेवायची, हे त्या एका ग्रॅमच्या हिशेबात आहे. शंका असेल, तर पुडी फोडण्यापूर्वी आपल्या कृषी कार्यालयात या, वही बरोबर आणा. हिशेब आपण दोघे मिळून करू.